भरलेली गाडी घाट उतरवताना: गिअर, हवा आणि लायनर

साताऱ्या-सांगलीतून माल घेऊन कोकणात किंवा पुण्याकडे निघालं की वाटेत घाट येतोच. कोकणात जायचं तर कराड-पाटणवरून कुंभार्ली, सांगलीहून रत्नागिरीला आंबा घाट, वाई-पाचगणीच्या मध्ये पसरणी. पुण्या-मुंबईकडे जायचं तर खंबाटकी, आणि तो संपला म्हणून हायसं वाटेपर्यंत कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांबलचक उतार. घाटात गाडी उलटली की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘ब्रेक फेल झाल्याने’ एवढंच छापून येतं. प्रत्यक्षात हवेचा पाइप फुटला किंवा एखादा भाग तुटला, असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा ब्रेक धडधाकट असतात, पण तापून निकामी झालेले असतात. ते तापण्याचं कारण अर्धा-एक तास आधी, माथ्यावर चुकीच्या गिअरमध्ये गाडी उताराला लावली तिथं असतं.

हा लेख दहा-बारा टायरी, हवेच्या ब्रेकच्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी आहे. मालकांनी आणि क्लीनरनंही वाचावा, कारण त्यातली निम्मी कामं गाडी उभी असतानाच करायची आहेत.

ब्रेकवर नेमका किती भार येतो

दहा टायरी गाडीचं मालासह कायदेशीर वजन २८.५ टन. अशी गाडी ६०० मीटर उंची उतरते, तेव्हा तिच्यातली जी ऊर्जा कुठंतरी खर्च व्हायला हवी, ती साधारण १६८ मेगाज्यूल भरते. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर असा आणा: दोनशे लिटरची अडीच पिंपं गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. वाई सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एकटा पसरणी उतरला तरी एवढा हिशेब होतो.

ही उष्णता जायला वाटा तीनच. थोडी टायर आणि वाऱ्याच्या विरोधात जाते, थोडी इंजिन खातं, आणि उरलेली सगळी चाकाचा ड्रम आणि त्याला आतून घासून थांबवणारा लायनर यांच्यात शिरते. तिसरी वाट जेवढी कमी वापराल तेवढं चांगलं. सगळी युक्ती एवढीच आहे, पण त्यासाठी वेग मुळातच कमी लागतो. शंभर मीटरला सहा मीटर असा उतार धरला, तर ताशी २० किलोमीटरला ही गाडी रोखून धरायला सुमारे सव्वाशे अश्वशक्ती लागते. तोच वेग ४० केला की अडीचशे. इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर कोंडून त्याला अडवणारी पाकळी) मिळून पहिला आकडा बराचसा पेलतात. दुसरा पेलत नाहीत, आणि जो भार इंजिनाला पेलत नाही तो ब्रेकवर येतो. ‘थोडा वेग वाढला तर काय होतंय’ याचं उत्तर या हिशेबात आहे.

ड्रम तापला की दोन गोष्टी एकदम घडतात. लायनरची पकड कमी होते, आणि ड्रम फुगतो. साधारण ४२० मिलिमीटर व्यासाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास दीड मिलिमीटरच्या जवळपास वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लायनर आणि बूस्टर (हवेच्या दाबानं ब्रेक लावणारा डबा) यांच्या मध्ये स्लॅक अॅडजस्टरची लांब दांडी आहे, त्यामुळं ही किरकोळ फट भरून काढायला बूस्टरच्या पुशरॉडला (त्यातून बाहेर ढकलल्या जाणाऱ्या दांडीला) सात-आठ मिलिमीटर जादा बाहेर यावं लागतं. बूस्टरमध्ये तेवढी जागाच उरली नसेल, तर पाय पॅडलवर पूर्ण दाबलेला, काट्यावर हवा भरपूर, आणि लायनर ड्रमला जेमतेम टेकलेला, अशी अवस्था होते.

छोट्या गाड्यांत तेलाचे ब्रेक असतात. तेल उकळलं की पॅडल मऊ पडतं आणि पायाला कळतं. हवेच्या ब्रेकमध्ये पायाला तसं काही कळत नाही. पॅडल सकाळी लागत होतं तसंच लागतं. म्हणून हवेच्या गाडीत पायाच्या भरवशावर राहता येत नाही. ब्रेकचा अंदाज नाकानं, आरशातून आणि हवेच्या काट्यावरून घ्यावा लागतो.

निघण्याआधी: ब्रेक थंड असताना

ही तपासणी आदल्या रात्री किंवा पहाटे करा. घाटमाथ्यावर पोचल्यावर ब्रेक पूर्ण थंड नसतात, तेव्हा घेतलेलं माप खोटं निघतं.

१. गाडी सपाटीवर घ्या आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हवा पूर्ण भरू द्या. बहुतेक गाड्यांत आठ बारच्या (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आसपास कॉम्प्रेसर हवा भरणं थांबवतो आणि ‘फुस्स’ आवाज येतो. तो आवाज आलाच पाहिजे.

२. इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा. पॅडलला हात-पाय न लावता एक मिनिट काटा बघा. पाव बारपर्यंत सुद्धा उतरता कामा नये. मग पॅडल पूर्ण दाबून धरा. काटा सुरुवातीला एकदा खाली येईल, तो धरू नका. त्यानंतरच्या मिनिटात पुन्हा पाव बारच्या आतच राहायला हवा. जास्त उतरत असेल तर क्लीनरला खाली पाठवून फुसफुस कुठून येते ते ऐकायला सांगा. बूस्टरचा पट्टा, रबरी होजचा वाकलेला भाग आणि टाक्यांचे जोड ही नेहमीची ठिकाणं.

३. आता स्ट्रोक, म्हणजे पुशरॉड किती बाहेर येतो ते, मोजा. पॅडल सोडलेलं असताना पुशरॉडवर, बूस्टरच्या तोंडाशी, खडूनं खूण करा. टाकीत साडेसहा बार हवा असताना एकानं पॅडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्यानं खूण किती बाहेर आली ते पट्टीनं मोजायचं. बूस्टरवर त्याच्या मापाचा आकडा कोरलेला असतो. साध्या, कमी स्ट्रोकच्या बूस्टरमध्ये २० आणि २४ नंबरला ४५ मिलिमीटरच्या पुढं गेलं तर गाडी घाटात न्यायची नाही. ३० नंबरला हीच मर्यादा ५० मिलिमीटर. २४ नंबरच्या बूस्टरची एकूण झेपच ५७ मिलिमीटर असते. थंड असतानाच ४५ संपले तर हातात उरतात १२. त्यातले सात-आठ ड्रमच्या फुगण्यात जातात, आणि काही दांड्या-कंस दाबाखाली वाकण्यात.

४. दोन्ही बाजूंचे आकडे वहीत लिहा. डाव्या-उजव्या चाकात पाच-सात मिलिमीटरचा फरक असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार, आणि एकच चाक जळणार.

लायनर-ड्रममधली फट ठरवणारा स्लॅक अॅडजस्टर हातानं कसायचा प्रकार असेल तर चाक जॅकवर घ्या, लायनर ड्रमला टेकेपर्यंत नट फिरवा, मग कंपनीनं सांगितलंय तेवढं उलट सोडा. हे सहसा पाव ते अर्धा फेरा असतं. चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे. ऑटो स्लॅक, म्हणजे आपोआप कसला जाणारा, असेल तर नट फिरवू नका. ऑटो स्लॅकचा स्ट्रोक वाढलेला दिसला तर तो स्वतः किंवा कॅमचं बुश घासलेलं असतं. नट कसून दोन दिवस चांगले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. गॅरेजमध्ये ‘कसून दिलंय’ म्हणाले तर आधी विचारा, स्लॅक ऑटो आहे की हाताचा.

५. टाक्यांखालच्या साखळ्या ओढून पाणी काढा. पाण्याबरोबर काळपट तेल आलं तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय, आणि ते तेल व्हॉल्व्हच्या रबरांपर्यंत पोचतंय.

६. एक्झॉस्ट ब्रेक चालतो का ते रिकाम्या रस्त्यावर बघा. रेस सोडून बटण दाबलं की सायलेन्सरचा आवाज कोंडल्यासारखा होतो आणि गाडी मागून धरल्यासारखी वाटते. बऱ्याच जुन्या गाड्यांत ही पाकळी काजळीनं जाम झालेली असते आणि मालकाला ठाऊकही नसतं. घाटात चालणाऱ्या गाडीची ही दुरुस्ती लायनरइतकीच निकडीची आहे.

टायर, दिवे, हॉर्न, वायपर हे नेहमीचं आहेच. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकला असेल तर तो मात्र आत्ताच काढा.

माल कसा बसलाय

उतारावर माल पुढं सरकतो. साखरेची ५० किलोची पोती वीटकामासारखी सांधेमोड करून रचलेली नसली, तर पहिल्या जोराच्या ब्रेकला वरचे थर केबिनच्या पाठीवर येतात. सळया आणि पाइप केबिनच्या मागच्या फळीला टेकवून, पुढून अडवून आणि वरून साखळीनं आवळून घ्या. नुसत्या दोरखंडानं सळई थांबत नाही. ताडपत्रीचा दोर माल झाकायला असतो, धरायला नसतो.

मळी आणि स्पिरिटच्या टँकरवाल्यांनी एक गोष्ट जास्त जपावी. अर्धवट भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा घाटात अवघड. वळणावर द्रव बाहेरच्या बाजूला चढतो, ब्रेक मारला की पुढं आदळतो, आणि गाडी थांबल्यावरही एक धक्का देतो. आत द्रव अडवणारे आडवे पडदे नसतील तर वळणाचा वेग आणखी खाली आणा आणि ब्रेक झटक्यानं मारू नका.

वजनाचं स्पष्टच सांगतो. दोन टन जादा भरले तर वरच्या आकड्यांत तेवढी उष्णता जादा मिळवायची. दोन टनांचं भाडं मिळतं, पण लायनर आणि टायर त्याहून जास्त खातात.

घाटमाथ्यावर थांबा

कुंभार्लीत पोफळीच्या बाजूला उतरण्याआधी, पसरणीला पाचगणी सोडल्यावर, जिथं सुरक्षित रुंद जागा मिळेल तिथं गाडी दहा मिनिटं उभी करा. चढून आल्यावर इंजिन तापलेलं असतं आणि ड्रायव्हर कंटाळलेला असतो. दोघांनाही ही दहा मिनिटं हवीत.

खाली उतरून सगळ्या चाकांजवळून एक फेरी मारा. हाताची मागची बाजू ड्रमच्या जवळ न्या, टेकवू नका. चढावर ब्रेक फारसे लागत नाहीत, त्यामुळं सगळी चाकं जवळपास सारखी कोमट असायला हवीत. एखादंच चाक भाजत असेल तर तिथला ब्रेक घासतोय. ते चाक घेऊन उतरू नका.

हवा पूर्ण भरलेली आहे ना, ते बघा. मग गिअर ठरवा.

‘ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं’ हे वाक्य प्रत्येक जुन्या ड्रायव्हरनं आपल्या क्लीनरला शिकवलंय. त्यांच्या काळी ते बरोबर होतं. तेव्हाच्या गाड्यांचं इंजिन शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचं असायचं आणि चढताना आपोआप दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं. आता अडीचशे अश्वशक्तीची गाडी तोच घाट चौथ्यात चढते. तीच गाडी चौथ्यात उतरवली तर इंजिन तिला धरत नाही, आणि सगळा भार लायनरवर पडतो. म्हणून आजच्या गाडीला चढण्याच्या गिअरपेक्षा निदान एक गिअर खाली घ्या. सहा गिअरच्या भरलेल्या दहा टायरीला कुंभार्ली किंवा पसरणीत साधारणपणे तिसरा बसतो, आणि नागमोडी अवघड वळणांच्या टप्प्यात दुसरा. तिसऱ्यात इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे होतात तेव्हा गाडी ताशी २५ च्या आसपास असते. एक्झॉस्ट ब्रेकचा जोर फेरे जास्त असतानाच मिळतो. बाराशे फेऱ्यांवर तो नावालाच असतो. काटा वरच्या भागात ठेवा, पण तांबड्या पट्ट्यात जाऊ देऊ नका. उतारावर गाडी इंजिनाला फिरवत असते, तेव्हा गव्हर्नर (डिझेल कमी करून फेरे आवरणारा भाग) त्याला वाचवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात.

गिअर माथ्यावरच पाडायचा. उतार लागल्यावर चौथ्यातून तिसरा घ्यायला गेलात, क्लच दाबला आणि दात बसले नाहीत, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते आणि प्रत्येक सेकंदाला वेग वाढतो. तेवढ्या वेगाला आता तिसराही बसत नाही आणि चौथाही बसत नाही. घाटात गाड्या हातातून जाण्याचा हा सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे. ज्या गाड्यांत गिअर आपोआप पडतात, त्यांत हातानं गिअर धरून ठेवायची सोय असते. ती लावा, नाहीतर वेग वाढला की गाडी स्वतःच वरचा गिअर घेते.

न्यूट्रलबद्दल आणखी एक. डिझेल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे अजूनही पुष्कळ आहेत. हिशेबच उलटा आहे. गिअरमध्ये गाडी उतरत असताना रेसवरून पाय काढला की पंप इंजिनाला डिझेल सोडतच नाही, चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन स्वतःच्या जोरावर चालू राहायला डिझेल खातं. म्हणजे गाडीही सोडली आणि डिझेलही गेलं. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि दोन-चार वळणांत टाकीतली हवा संपते. बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार फार तीव्र वाटत नाही, म्हणूनच तिथं न्यूट्रलचा मोह होतो. तो लांब आहे, आणि तो संपतो तिथं शहराची गर्दी उभी असते.

उतरताना पाय कसा वापरायचा

एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवा. रेसवर पाय नको, क्लचवर तर अजिबात नको. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि एक्झॉस्ट ब्रेकही आपोआप बंद होतो.

एक वरचा वेग मनाशी पक्का करा. समजा २५. गाडी इंजिनाच्या जोरावर त्याच्या खालीच राहिली तर पायाला काम नाही. हळूहळू २५ ला पोचली की पॅडल ठामपणे दाबा, वेग १७-१८ वर आणा, आणि पाय पूर्ण उचला. हे तीन-चार सेकंदांत व्हायला हवं. पुन्हा २५ होईपर्यंत ब्रेक मोकळे राहतात आणि ड्रमला वारा लागतो. मग पुन्हा तेच. तीन-चार सेकंदांत वेग उतरत नसेल, किंवा दर दहा-पंधरा सेकंदांनी पाय द्यावा लागत असेल, तर गिअर चुकलाय. सुरक्षित जागा बघून थांबा, खालच्या गिअरमध्ये निघा.

पाय सतत हलका ठेवून उतरणं सौम्य वाटतं, पण ते जास्त वाईट. हलक्या दाबाला सगळी चाकं सारखी लागत नाहीत. ज्याची स्प्रिंग सैल, ज्याचा व्हॉल्व्ह आधी उघडतो, ती एक-दोन चाकंच सगळा भार ओढतात आणि तीच जळतात. ठाम दाबलं की सगळी चाकं वाटून घेतात. उलट टोकाला पॅडल पंपासारखं दणादणा मारणंही नको. दर वेळी हवा बाहेर जाते, आणि कमी फेऱ्यांवर कॉम्प्रेसरला ती भरून काढता येत नाही. हवेचा काटा सहा बारच्या खाली आला की थांबायची जागा शोधा. धोक्याचा बझर वाजायची वाट बघू नका. हवा आणखी उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की स्प्रिंगच्या जोरावर लागणारे) आपोआप बसतात, आणि ते वळणात बसले तर मागचा भाग घसरून फिरतो.

ट्रेलर असेल तर फक्त मागच्या बाजूचा हाताचा ब्रेक धरून उतरू नका. ट्रेलरचेच लायनर जळतात आणि ओल्या रस्त्यावर ट्रेलर पुढं येऊ पाहतो.

वळणाचा वेग वळणाच्या आधी उतरवा. वळणात पाय मोकळा, गिअर तोच. मागची चाकं पुढच्यांच्या आतून जातात, म्हणून दरी आतल्या बाजूला असलेल्या वळणावर पुढची चाकं थोडी बाहेर ठेवून घ्या. अवघड वळणावर समोरून भरलेली गाडी चढत येत असेल तर आधी थांबायचं ते उतरणाऱ्यानं. अरुंद डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा कायद्याचा नियम आहे आणि त्यामागं कारणही आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उठवताना मागं येते.

पुढच्या गाडीपासून निदान पाच-सहा गाड्यांचं अंतर ठेवा. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या मागं दिवा नसताना चाललेल्या असतात, हे कराड-पाटणच्या रस्त्यावर घाटाच्या आधी आणि नंतरही लक्षात ठेवा. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडलं की लगेच उतार आणि ‘एस’ आकाराचं वळण आहे. बोगद्यात नजर सरळ रस्त्याला सरावते, आणि बाहेर पडताना वेग जास्त असला तरी जाणवत नाही. तिथला गिअर बोगद्यात शिरायच्या आधीच ठरलेला असू द्या.

पावसाळ्यात वेग आणखी पाच किलोमीटर खाली. रिकामी गाडी ओल्या किंवा चिखलाच्या रस्त्यावर असेल तर एक्झॉस्ट ब्रेकनं मागची चाकं घसरू शकतात, तेवढ्या टप्प्यात तो बंद ठेवा. रस्त्यावरच्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक एकदोनदा हलके दाबून लायनर वाळवून घ्या. कुंभार्लीत धुकं उतरलं तर डिपर खाली ठेवा. वरचा दिवा धुक्यावर आपटून परत डोळ्यांतच येतो.

ब्रेक तापल्याची लक्षणं आणि मग काय करायचं

सगळ्यात आधी वास. जळक्या लायनरचा वास आंबट-कडवट असतो, एकदा घेतला की विसरत नाही. म्हणून घाटात केबिनच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. नंतर आरशात चाकाजवळ निळसर धूर दिसतो. आणि तिसरं, जे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: मघाशी जेवढ्या दाबाला १७ वर येत होता तेवढ्याला आता २० वरच येताय. या तिन्हींतलं एक जरी झालं तरी पुढच्या रुंद जागेला थांबा. ‘पोफळी आलीच’ म्हणून पुढं रेटू नका.

थांबल्यावर:

गाडीचं तोंड उताराला असेल तर इंजिन बंद करून रिव्हर्स गिअर टाका आणि चाकांना ठोकळे किंवा दगड लावा. ड्रम फार तापलेले असतील तर गाडीचा भार ठोकळ्यांवर आणि गिअरवर ठेवा, हँडब्रेकवर नको. थंड होताना ड्रम आकसतो, तेव्हा लायनर त्यात पकडला जातो आणि ड्रमला तडेही जातात.

ड्रमवर पाणी ओतू नका. ड्रमचं तापलेलं बीड (ओतीव लोखंड) एकदम गार झालं की तडकतं. तो तडा आज दिसत नाही, पुढच्या महिन्यात दिसतो.

गरम असताना स्लॅक कसू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते. ब्रेक लागत नाहीत म्हणून रस्त्याकडेला नट आवळला जातो, गाडी उतरते, ड्रम गार होऊन आकसतो, आणि मग लायनर सतत घासत राहतो. पुढच्या पन्नास किलोमीटरमध्ये तेच चाक पेटतं.

अर्धा तास तरी उभे राहा. ड्रमची उष्णता हळूहळू रिमकडे आणि टायरच्या रिमला बसणाऱ्या कडेकडे जाते, म्हणून टायर कधीकधी गाडी थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी फुटतो. चाकाच्या समोर कोणी बसू नये, जेवणाचा डबा तर तिथं नकोच. टायरनं पेट घेतला तर छोट्या सिलिंडरनं ज्वाळा दबते, पण आतलं रबर पुन्हा पेटतं. भरपूर पाणी लागतं. आग टायरच्या पुढं गेली तर माणसं लांब घ्या आणि ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

निघताना चाकाखालचे दगड उचलून रस्त्याबाहेर टाका. हे सांगायला लागू नये, पण लागतं. अंधारात येणाऱ्या दुचाकीला तो दगड दिसत नाही.

गाडी ऐकेनाशी झाली तर

गिअर सोडू नका, इंजिन बंद करू नका. एक्झॉस्ट ब्रेक चालू, पॅडल पूर्ण दाबून धरा, हॉर्न वाजता ठेवा, दिवे आणि चारी इंडिकेटर लावा. फेरे तांबड्याच्या खाली असतील तरच गिअर पाडायचा विचार करा, नाहीतर आहे तो घट्ट धरा.

हँडब्रेक दोन परिस्थितींत वेगळा वागतो, हे आधीच समजून ठेवा. हवा गेली असेल आणि लायनर थंड असतील, तर तो काम करतो. थोडा थोडा ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं अडकून गाडी आडवी होते. पण ब्रेक तापून गेले असतील, तर हँडब्रेकही त्याच ड्रमवर आणि त्याच लायनरवर चालतो, त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

निर्णय लवकर घ्या. ४० च्या वेगाला जे जमतं ते ६० ला जमत नाही. डोंगर डाव्या हाताला असेल तर डावी चाकं बाजूच्या गटारात उतरवा आणि गाडी तिरकी, कमी कोनात डोंगराच्या कापाला घासू द्या. बॉडी फाटेल, आरसा जाईल, जाऊ दे. दरी डाव्या हाताला असेल तर जुन्या दगडी कठड्यावर भरवसा नको, भरलेल्या गाडीला तो अडवत नाही. लोखंडी पत्र्याचं कुंपण सलग असेल तर त्याला घासत वेग कमी होऊ शकतो. समोरून कोणी नसल्याची खात्री असेल तरच उजवीकडच्या डोंगराकडे जा. बाजूला मातीचा किंवा खडीचा चढ, शेताचा बांध, चढणारा आडरस्ता मिळाला तर तिथं घाला.

चालत्या गाडीच्या चाकाखाली दगड टाकायला क्लीनरला उतरवू नका, आणि कोणीही उडी मारू नका. बेल्ट लावून केबिनमध्ये राहणाऱ्याला वाचायची जास्त संधी असते.

पायथ्याला

पोफळीला किंवा वाईला उतरल्यावर लगेच सुसाट निघू नका. पहिले दोन-तीन किलोमीटर ब्रेक न वापरता शांत चालवा, ड्रमला वारा लागू द्या. मग थांबून पुन्हा एक फेरी मारा. चाकानं चाक ताडून बघा. एखादं बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय. एखादं थंडगार असेल तर त्याची जास्त काळजी करा, कारण तो ब्रेक घाटभर लागलेलाच नाही आणि त्याचा वाटा बाकीच्यांनी ओढलाय. हे दोन्ही वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम थंड असताना त्या चाकांचा स्ट्रोक खडू-पट्टी घेऊन पुन्हा मोजा.